घाटावरचं पावणं

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग वाघ बघितला असेल ना?" मी नाही म्हटलं की तो माणूस जरा हिरमुसतो. त्याला काय सांगायचं? वाघ सोडा, माझ्या हद्दीत धड जंगलसुद्धा नव्हतं. आधी फलटण आणि नंतर सांगली, या दोन ठिकाणी माझी बहुतेक नोकरी झाली. नजर जाईल तिकडे ऊस. मधेच ओढ्याकाठच्या चार बाभळी, कालव्याच्या कडेने खात्याने लावलेली करंजाची रांग, एखाद्या टेकडीवर गवत. वनरक्षकाच्या वाट्याला जो टापू येतो त्याला बीट म्हणतात. माझ्या बीटात झाडांपेक्षा माणसांनाच जास्त राखावं लागे, आणि माणसांपासून बाकीच्यांना.

विश्रामबागेतून एकदा एका प्राध्यापकांचा फोन आला. बंगल्यामागच्या नाल्यात मगर आहे म्हणाले. सांगलीत मगर म्हटल्यावर कुणी हसत नाही, कृष्णेत त्या आहेतच. आम्ही दोरखंड, जाळी, पिंजरा घेऊन पोचलो. निम्मी कॉलनी गच्चीवर उभी होती. मी काठीने गवत बाजूला केलं तर ट्रॅक्टरचा फाटका टायर. प्राध्यापक म्हणाले, "पण मॅडम, तो हलला होता. मी स्वतः पाहिलं." मी म्हटलं, "सर, पाणी हलतंय." त्यांना ते पटलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते मला फोन करून मगरीची चौकशी करत.

फलटणला असताना ऊसतोडीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकते उघडलेले. बघता बघता फडात जत्रा भरली. कुणी दूध घेऊन आलं, कुणी टॉवेलात गुंडाळायला निघालं. मी सगळ्यांना हाकललं, पिल्लं जिथं सापडली तिथंच क्रेटमध्ये ठेवली आणि लांब बांधावर जाऊन दुर्बीण लावून बसले. दिवस मावळता मावळता आई आली. एकेकाला मानेला धरून घेऊन गेली. आमच्या कामातलं कसब म्हणाल तर ते एवढंच. मध्ये यायचं नाही. वाटेल तेवढी माया दाटून येऊ दे, बांधावरच बसायचं.

हे आपल्याला चांगलं जमतं अशी माझी समजूत होती. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना ती मोडली.

मोठा पूर येऊन गेला त्या सालची गोष्ट. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी एक गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. गावाला दगडी घाट आहे. बायका धुणं धुतात, पोहणारे पोहतात, शेतकरी बैल धुतात, कुणी गेलं की राख सोडायलाही तिथंच येतात. त्या गावच्या हौसाबाई भोई एका सकाळी थेट आमच्या ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या, काटक. ही बाई आणि तिचा नवरा काईलीत बसून मासे धरत. काईल म्हणजे गूळ शिजवायची पसरट मोठी कढई. जुनी झाली की भोई लोक तिचीच होडी करतात.

"माजी जाळी कोन तरी फाडतंय बाई," त्या म्हणाल्या.

"मगर असेल."

"न्हाई. मगर फाडती तवा सगळी जाळी वडून नेती. ह्ये शानं हाय. मासा तेवढा काडून नेतंय आनि मुंडकं मला ठेवतंय."

मी त्यांच्याबरोबर गेले. काठच्या वाळूत पायाचे ठसे होते, बोटांच्या मधे पातळ पडदा उमटलेला. दगडावर विष्ठा, त्यात माशाचे खवले चमकत होते. मला ओळखायला वेळ लागला नाही, तरी विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिसलं. आधी पाण्यावर चपटं डोकं, मिशा, मग वळणारी तपकिरी पाठ, मग जाड शेपूट. पाणमांजर.

वरच्या बाजूला, धरणांच्या अंगाला पाणमांजरं आहेत. पण ती कुटुंबाने राहतात. एकत्र शिकार करतात, एकत्र वाळूत लोळतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात. एकटं पाणमांजर सहसा दिसत नाही. हा एक नर होता, वयात आलेला. पुराच्या लोंढ्याबरोबर वाहत आला असावा, असा आमचा अंदाज. मधे बंधारे, मधे गावं, मधे कारखान्यांचं पाणी. परत जायची वाट त्याला सापडली नसावी.

ते शीळ घालायचं. बारीक, तीक्ष्ण, शेवटाला वर चढणारी. शीळ घातली की मान पाण्याबाहेर काढून स्थिर राहायचं, जणू पलीकडून कुणी ओ देईल. थोडा वेळ थांबायचं. मग पुन्हा शीळ.

वरून आदेश आला, "लक्ष ठेवा." तेव्हापासून रोज सकाळी सहाला आणि दुपारी चारला घाटाच्या चौथ्या पायरीवर बसणं हे माझं काम झालं. एक दुर्बीण होती, तिच्या एका डोळ्यात बुरशी. एक नोंदवही होती. वेळ, जागा, काय खाल्लं, माणसांपासून किती अंतरावर. सुरुवातीला मी अंतराच्या रकान्यात 'नदीच्या मध्यावर' लिहीत होते. पंधरवड्यात 'शेवटच्या पायरीपाशी' लिहायची वेळ आली. धुणं धुणाऱ्या बायकांच्या साबणाच्या फेसात ते नाक खुपसायचं. बायका किंचाळायच्या आणि हसायच्या. त्यांनीच त्याचं नाव पाडलं. घाटावर येणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, "पावणं आल्यात का?"

मी नोंदवहीत ते नाव कधी लिहिलं नाही. 'एक नर पाणमांजर' एवढंच लिहिलं. मनात मात्र मीही पावणंच म्हणत होते.

घाटावर रोज पोहायला येणारे एक आनंदराव सुभेदार होते. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, सत्तरीकडे झुकलेले, पण पाठ ताठ. त्यांची वस्ती गावाबाहेर मळ्यात होती. बोलणं कमी, म्हणून गाव त्यांना घमेंडखोर समजे. ते रोज सहा वाजता यायचे, कपड्यांची नीट घडी घालून पायरीवर ठेवायचे आणि पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचे. एक दिवस पावणं त्यांच्या बाजूने पोहायला लागलं. हातभर अंतर ठेवून, त्यांच्याच गतीने. सुभेदार थांबले की थांबायचं. ते पाठीवर पडले की हेही पाठीवर.

ते वर आल्यावर मी म्हणाले, "सुभेदार, खायला देऊ नका हं काही."

"मी काय देत न्हाई. ते नुसतं येतंय."

"त्याला सवय लागेल माणसांची."

त्यांनी टॉवेलने डोकं पुसलं. मग म्हणाले, "मॅडम, वीस साल झाले मी हितं पवतोय. माज्याबरोबर कुनी पवलं न्हवतं."

मी नोंदवहीत लिहिलं, 'पोहणाऱ्या व्यक्तीबरोबर. अंतर एक हात.' पेन जरा अडखळलं.

मग मोबाइलवर चित्रफिती फिरल्या आणि रविवारी गाड्या येऊ लागल्या. सांगलीहून, कोल्हापूरहून. लोक उकडलेली अंडी आणत, चिकनचे तुकडे आणत, भजी टाकत. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. एका तरुणाने त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि पावण्याने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. इतके दिवस लाडाचं पावणं एका दुपारीत 'तुमच्या खात्याचं जनावर' झालं. ग्रामपंचायतीचा अर्ज आला, बंदोबस्त करा.

पुण्याहून जनावरांचे एक डॉक्टर आले. दोन दिवस माझ्या शेजारी पायरीवर बसले. जाताना म्हणाले, "याला कळप हवाय. इथे त्याची जात नाही, म्हणून ते माणसांत कळप शोधतंय. याला धरून वरच्या बाजूला, त्याच्या जातीच्या शेजारी सोडायला हवं. त्याला वरून परवानगी लागेल, वेळ जाईल. तोवर एकच करता येईल. घाट त्याला नकोसा करा. माणसाची भीती बसली पाहिजे. आज ज्याच्याजवळ जातंय तो चांगला आहे. प्रत्येक जण चांगला नसेल."

तर कामाचं स्वरूप बदललं. इतके महिने लोकांना दूर ठेवत होते, आता त्याला दूर ठेवायचं. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक दांडकं मिळालं. ते दिसलं की डबा बडवायचा, पाण्यात खडे मारायचे, अंगाला लागणार नाहीत असे. बायकांनाही सांगितलं, जवळ आलं तर ओरडा, पाणी उडवा. आणि सुभेदारांना सांगावं लागलं की तुमचं पोहणं बंद.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

"ऑर्डर हाय?"

"हो. ऑर्डर आहे."

"मग झालं." त्यांनी काढायला घेतलेल्या शर्टाची गुंडी परत लावली. "आनि मी हितं वर बसलो तर?"

"तुम्ही दिसलात तरी ते येईल."

ते उठले. पायऱ्या चढताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पावलं घाटाकडे वळली नाहीत.

पहिल्या दिवशी मी डबा वाजवला तेव्हा पावणं दचकलं, बुडी मारली आणि पायरीपासून जरा लांब वर आलं. मला वाटतं, त्याला खेळ वाटला. मी पुन्हा वाजवला, खडा मारला. ते आणखी लांब गेलं, थांबलं, माझ्याकडे बघत शीळ घातली. मी बडवतच राहिले. हात भरून आले, डोळेही. बायका धुणं थांबवून गप्प बघत होत्या. एक जण म्हणाली, "नका ओ बाई, किती ते!" मी तिच्यावरच खेकसले.

तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी ते आलं नाही. मोहीम यशस्वी म्हणायची. दुर्बीण लावली तर समोरच्या काठावर, बाभळीच्या मुळाशी बसलेलं दिसलं. नुसतं बसलेलं. शिकार नाही, लोळणं नाही. शीळ घालायचं, मान वर करायचं, थांबायचं. सकाळी बघितलं, दुपारी चारला गेले तरी तिथंच. पाचव्या दिवशीही तसंच. आता ते हडकल्यासारखं दिसत होतं, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

सहाव्या दिवशी सकाळी धुकं होतं. घाटावर कुणी नव्हतं. ते नदीत निम्म्यापर्यंत आलं आणि थांबलं. डबा माझ्या पायाशी होता. दांडकं हातात होतं. ते हळूहळू पुढे आलं, मधे मधे थांबत, माझ्या हाताकडे बघत. शेवटच्या पायरीपाशी येऊन त्याने पुढचे दोन पाय दगडावर ठेवले.

मी डबा वाजवला नाही.

कशाला खोटं बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुठलं जनावर माझ्याकडे आपण होऊन आलं नव्हतं. मी ज्यांना वाचवलं ती सगळी मला बघून पळालेली. मी त्याला हात लावला नाही, खायला दिलं नाही. नुसती बसून राहिले. आणि नोंदवहीत लिहिलं, 'मोहीम सुरू. प्राणी समोरच्या काठावर. अंतर समाधानकारक.'

दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. पुढचा पंधरवडा तेच. बायका आल्या की लांबून चार टोले मारायचे, देखाव्यापुरते. ते आता त्या आवाजालाही भीत नव्हतं. डब्याचा आवाज म्हणजे मी आले, एवढंच त्याला कळत होतं. परवानगी येईलच आज-उद्या, तोवर काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावत होते.

होळीच्या पुढे नदी आटते, डोह तेवढे उरतात. अशा वेळी काही लोक विजेच्या तारेवर आकडा टाकून डोहात करंट सोडतात. मासे पांढरे होऊन वर येतात. हा गुन्हा आहे, आणि सगळीकडे होतो. आमच्या घाटाखालच्या डोहात त्या सकाळी कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. काठावर तार सापडली, चपलांचे ठसे सापडले, माणसं नाहीत. पाण्यात उतरलेली माणसं बघून पावणं त्यांच्याकडे गेलं असणार. ते कुणाकडेही जायचं.

सहा वाजता मी घाटावर पोचले तेव्हा हौसाबाईंची काईल पायरीला लागलेली होती. नवरा वल्हं धरून उभा. हौसाबाई आत बसलेल्या, मांडीवर लुगड्याचा पदर पसरलेला आणि त्यात ते.

"जित्तं हुतं बाई," त्या म्हणाल्या. "माज्या काईलीपाशी आलं. मागचं पाय हालत न्हवतं. पुडच्या पायानं काठ धरला त्येनं. मी म्हनलं, चावंल. तरी घेतलं वर. न्हाई चावलं. हितवर येस्तवर जित्तं हुतं."

ज्याने त्यांची कितीतरी जाळी फाडली होती, त्याच्या मिशांवरचं पाणी त्या बोटाने निपटत होत्या. मी काईलीत उतरले. अंग अजून गरम होतं. इतक्या महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला तो असा.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे. पंचनामा, लांबी, वजन, दात, शवविच्छेदन. संरक्षित प्राण्याचं शव पुरत नाहीत, जाळतात, म्हणजे कातडं कुणाच्या हाती लागत नाही. बाभळीची लाकडं रचली. कातड्याचा एकही अंश राहिला नाही, अशी खात्री करून सही केली. गावातली बरीच माणसं आली होती. ज्यांनी बंदोबस्ताचा अर्ज दिला होता तेही. सुभेदार आले नव्हते.

चौकशीला साहेब आले. माझी नोंदवही त्यांनी पानन् पान वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खरात मॅडम, वही असावी तर अशी. तुमच्या बाजूने काही राहिलं नाही. तुम्ही शक्य ते सगळं केलंत." सोबत आलेल्या नव्या भरतीच्या मुलींना त्यांनी ती वही दाखवली. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि "धन्यवाद सर" असं बाहेर पडलं. दोन महिन्यांनी मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणातही त्या वहीचा उल्लेख झाला. परवानगीची फाईल तेव्हाही वरच होती.

मी डबा बडवत राहिले असते तर ते वाचलं असतं का? डॉक्टरांना मी हे विचारलं नाही. विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागलं असतं. कदाचित भीती बसून ते नदीच्या वरच्या अंगाला निघून गेलं असतं. कदाचित त्या बाभळीखाली बसून झुरलं असतं. मला एवढंच माहीत आहे की त्याला माणसाची भीती शिकवायचं काम मला दिलं होतं. मी ते अर्धं केलं आणि पूर्ण केलं असं लिहिलं.

दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा ठरवलं, लिहायचं तर हेच. पण छापून येण्याआधी एका माणसाला तोंडाने सांगणं भाग होतं. खंडाळ्याहून, माझ्या माहेरच्या गावाहून, मी एसटीने गेले. सुभेदारांच्या मळ्यात ते उसाला पाणी पाजत होते. मला बघून त्यांनी फावडं बांधाला टेकवलं आणि घरातून खुर्ची आणवली. स्वतः उभेच राहिले.

मी सगळं सांगितलं. डबा कधी थांबवला, वहीत काय लिहीत गेले, ते पायरीवर कसं यायचं. मी मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी ओरडावं, नाहीतर 'जाऊ दे' म्हणावं. दोन्ही ऐकायला मी तयार होते.

सरीतलं पाणी भरून पुढच्या सरीत वाहायला लागलं. पाणी वळवायला हवं होतं, पण सुभेदार जागचे हलले नाहीत.

"म्हंजी पंधरा दिस ते घाटावर येत हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

त्यांनी नदीच्या दिशेला बघितलं. मळ्यातून नदी दिसत नाही.

"मग मला का सांगितलं न्हाईसा मॅडम?" ते म्हणाले. "पंधरा दिस पवलो असतो की त्येच्यासंगं."